अक्राळ बाजार दुपारी बंद

"शेपटी धर! अगं, शेपटी धर त्याची!" भोंगा इतक्या जोरात ओरडला, की समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी धाडकन खिडकी लावून घेतली.

"धरतेय ना! कानात कशाला बोंबलतोस?" मुंगीची बोटं कीबोर्डवर भराभर पळत होती.

पडद्यावर तिचा गप्प्या, म्हणजे पाठीवर दगडी कवच असलेला कासवराक्षस, एका अवाढव्य दगडखाऊच्या शेपटीला लोंबकळत होता. दगडखाऊ गरागरा फिरत होता. आणखी एक चावा, की संपलाच! त्यांचा दोस्त वकील खुर्चीच्या पाठीवर चढून बसला होता आणि श्वास रोखून बघत होता.

आणि तेवढ्यात पडदा सोनेरी झाला.

दगडखाऊ गेला, गप्प्या गेला. मोठाली अक्षरं झळकली. 'अक्राळमध्ये पहिल्यांदाच! खेळाडूंनी चालवलेली दुकानं! येतोय अक्राळ बाजार!' खाली एक फोटो होता. हाताची घडी घातलेला एक माणूस, चेहऱ्यावर हसू, पायांत आरशासारखे चकचकीत बूट. फोटोखाली लिहिलं होतं, 'कल्पना आणि मांडणी : आमचे मुख्य रचनाकार.'

तिघांनी ते दोनदा वाचलं. भोंगासुद्धा गप्प झाला, आणि ही गोष्ट साधी नव्हती.

"ही तर आपली दुकानं!" शेवटी वकील म्हणाला.

मुंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लोकांना वाटायचं, ही अंगानं किडकिडीत म्हणून हिला मुंगी म्हणतात. तसं नव्हतं. ती एकदा चावली की सोडत नाही, हे शाळेतल्या सगळ्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

आता ही दुकानं 'आपली' कशी, ते सांगायला हवं.

मुंगी दर सुट्टीत मावशीकडे राहायला यायची. मावशीचं बटणांचं दुकान होतं. बटणं, रिळं, हूक, चेन, इलॅस्टिक, अस्तर, टाचण्या, शिंप्याला लागेल ते सगळं तिथे मिळायचं. भोंगा हा मावशीचा मुलगा, मुंगीपेक्षा दोन इयत्ता मागे. वकील वरच्या मजल्यावर राहायचा आणि जेवताना मीठ वाढण्यावरूनही वाद घालायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत, रिळांच्या खोक्यांवर, एक जुना कॉम्प्युटर होता. तिघांची सुट्टी त्याच्यासमोर जायची आणि तिघांचं वेड एकच होतं, अक्राळ! राक्षस पाळायचे, त्यांना शिकवायचं आणि जगभरातल्या खेळाडूंच्या राक्षसांशी लढवायचं.

या खेळात एकच अडचण होती. राक्षस जखमी झाला की जखमजुडी नावाची पाला-मुळी लागायची, आणि ती मिळायची नशिबानं. भोंग्याकडे गरुडपिसांचे ढीग होते, पण जखमजुडीचं पान नाही. वकिलाकडे जखमजुडी उतू जात होती, पण पीस नाही. मग भोंगा खिडकीतून वर तोंड करून ओरडायचा, "दहा पिसं घे, एक जुडी दे!" आणि वकील वरून ओरडायचा, "वीस!" सगळी गल्ली वैतागली होती.

"तुम्ही दोघं बाहेर दुकानच का नाही टाकत?" मावशी मागच्या सुट्टीत एकदा करवादली.

मुंगीच्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. खेळातच दुकान! प्रत्येक खेळाडूला राक्षस ठेवायला एक गुहा मिळते. त्या गुहेला दार करा, दारात फळी टाका आणि माल मांडा! ज्याला हवं त्यानं यावं, आपल्याकडचं द्यावं, समोरचं न्यावं. लढण्याचा कंटाळा आला तर दुकान चालवावं. कुणी औषधांचं काढावं, कुणी शिंगांना धार लावायचं!

नेमकं त्याच आठवड्यात अक्राळ बनवणाऱ्या कंपनीनं सुट्टीचं शिबिर भरवलं होतं. कंपनी याच शहरातली, चौकातल्या काचेच्या इमारतीत. मुलांनी खेळासाठी नवी कल्पना काढायची आणि मुख्य रचनाकारांना दाखवायची. मुलांनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी 'पॉलिशसर' ठेवलं होतं, कारण ते बोलताना मुलांकडे कमी आणि स्वतःच्या बुटांकडे जास्त बघायचे.

तिघांनी चार दिवस खपून मोठ्या खाकी कागदावर सगळा बाजार काढला. दुकान कसं दिसेल, भाव कसा ठरेल, माल परत कसा घ्यायचा, सगळं! दुकानाचे नियम कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. मावशीच्या दुकानात चालतं ते जसंच्या तसं उतरवलं.

पॉलिशसरांनी कागद उलगडला, पाहिला आणि हसले. "दुकानं? अरे, लोक इथे लढायला येतात, वाणसामान भरायला नाही! तू कुठे राहतेस?"

"मावशीकडे. बटणांच्या दुकानात."

"वाटलंच! डोक्यात दुकानच भरलंय तुझ्या." सगळं शिबिर खो खो हसलं. "ठेव तो कागद तिकडे."

मुंगीचे कान त्या दिवशी तापले, ते अजून निवले नव्हते. आणि आता त्याच माणसाचा फोटो, त्याच दुकानांखाली!

"चला!" ती उठली.

काचेच्या इमारतीत पॉलिशसर कॉफी पीत बसले होते. मुंगीनं सरळ विचारलं, "सर, आमचा कागद कुठेय?"

"कुठला कागद?"

"दुकानांचा. खाकी."

"बाळा, शिबिरात शंभर कागद आले. साफसफाईत गेला असेल." त्यांनी कपातून एक घोट घेतला. "आणि हे बघ, दुकानाची कल्पना काय कुणालाही सुचते. मला कधीपासून सुचली होती!"

"मग तुम्ही हसलात कशाला?" वकिलानं विचारलं.

"मी कामात आहे," पॉलिशसर म्हणाले, आणि दारावरच्या माणसानं तिघांना प्रेमानं, पण खांद्याला धरून, बाहेर काढलं.

घरी मावशीनं सगळं ऐकून घेतलं. तोंडात टाचण्या धरून ती अस्तर मोजत होती. शेवटची टाचणी टोचल्यावर म्हणाली, "चोरलं असेलही गं. पण पुरावा? एकच गोष्ट दोघांना सुचू शकते. कंपनी चालवणाऱ्या मॅडमकडे जाशील तर त्या हेच विचारतील. उगाच कुणावर आळ घेऊ नये."

"पण मावशी!"

"पुरावा आण. मग मी स्वतः येते तुझ्याबरोबर, दुकान बंद ठेवून!"

मावशीनं दुकान बंद ठेवायचं म्हणजे काय, ते मुंगीला कळत होतं. ती खाली मान घालून मागच्या खोलीत गेली आणि रिळांच्या खोक्यावर बसून चक्क रडली. भोंग्यानं तिला रुमाल दिला. तो रुमाल भोंग्याचा असल्यामुळे तिनं तो वापरला नाही.

"आपण त्यांच्या बुटांत डिंक ओतू," भोंगा म्हणाला.

"नको. डिंक धुतला जातो." मुंगीनं बाहीनं डोळे पुसले. "मला त्यांची फजिती करायचीय. सगळ्यांसमोर. जशी त्यांनी माझी केली तशी! आणि 'कल्पना तुमची' हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचंय."

दुसऱ्या दिवशी नशीब थोडं हललं. शिबिरातल्या मुलांना नवा बाजार सगळ्यांच्या आधी खेळून बघायला मिळणार होता. तिघांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

बाजार सुरेख होता! दोन्ही बाजूंना गुहा, गुहांना लाल-पिवळी शटरं, दारात फळ्या. वकिलानं जखमजुडीचं दुकान थाटलं, भोंग्यानं पिसांचं. दुकानाबाहेर प्रत्येक मालाचा एकेक नमुना टांगावा लागत होता.

"बघ!" मुंगी किंचाळली. "आपल्या खणांवर मावशी एकेक बटण टांगून ठेवते, तसाच नमुना! हे आपलंच!"

"हरकत!" वकील म्हणाला. "नमुना कुणीही टांगेल. हा पुरावा टिकणार नाही."

"आधी आलेल्या गिऱ्हाइकाला आधी, मग तो केवढाही मोठा राक्षस असो. हाही आपलाच नियम."

"कुठल्याही दुकानात असतो. दुसरं काहीतरी शोध."

वकील कुणाच्या बाजूनं होता, हा प्रश्न मुंगीला नेहमी पडायचा. पण त्याचं म्हणणं खरं होतं. तिघं डोळ्यांत तेल घालून बाजारात फिरत राहिली. जेवायची हाक आली, तशी मुंगी आणि वकील उठले. भोंगा ताट घेऊन कॉम्प्युटरसमोरच बसला.

पहिला घास तोंडात गेला असेल-नसेल, आतून भोंगा वाजला, "अरे, बाजार बंद पडला!"

दोघं धावत आली. पडद्यावर सगळा बाजार चिडीचूप. एकूण एक शटर खाली! एक तीन डोक्यांचा राक्षस औषधाच्या दुकानासमोर ताटकळत उभा होता, बिचारा.

"बिघाड असेल," वकील म्हणाला.

खरंच, थोड्या वेळानं सूचना आली. 'तांत्रिक बिघाड दुरुस्त करत आहोत. मुख्य रचनाकार.' आणि चारच्या सुमाराला शटरं वर गेली. दुसरी सूचना आली, 'बिघाड आम्ही अथक प्रयत्नांनी दूर केला आहे!'

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घड्याळात एक वाजला आणि शटरं धडाधड खाली. पुन्हा 'बिघाड'. पुन्हा चारला 'अथक प्रयत्न'. तिसऱ्या दिवशीही तसंच.

"हा कसला बिघाड? जेवायच्या वेळेला येतो आणि चहाच्या वेळेला जातो!" वकिलानं डोकं खाजवलं.

मुंगी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला. खडखड खडखड धाड! मावशीनं दुकानाचं शटर ओढलं. मग सतरंजी झटकल्याचा आवाज. मग शांतता. आणि मग, अस्तराच्या ताग्यांमागून, मावशीचं संथ घोरणं.

मुंगी गर्रकन भोंग्याकडे वळली. "भोंग्या! कागदावर शेवटचा नियम तू लिहिला होतास. काय लिहिलं होतंस?"

"मी? नेहमीचंच," भोंगा घाबरून म्हणाला. "दुकान दुपारी एक ते चार बंद."

"का?"

"का म्हणजे? दुकान दुपारी बंदच असतं! आई झोपते ना!"

बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. तो जन्मल्यापासून त्यानं एकच दुकान जवळून पाहिलं होतं, आणि ते दुपारी बंद व्हायचं. पण या खेळात रात्रंदिवस जगभरातले लोक खेळतात. अशा बाजाराला दुपारची झोप कोण देईल? कुठल्याही मोठ्या माणसाला स्वप्नातसुद्धा सुचणार नाही असा हा नियम! आणि पॉलिशसरांनी कागद शेवटपर्यंत वाचलासुद्धा नव्हता. जसा होता तसा पुढे सरकवला होता.

"तांत्रिक बिघाड!" वकील पोट धरून खाली बसला. "बिघाड म्हणे! मावशी झोपलीय, बिघाड कसला!"

"शू! उठेल!" मुंगीनं त्याच्या तोंडावर हात दाबला. तिचे डोळे असे चमकत होते, की भोंगा जरा मागे सरकला. "आता चला मॅडमकडे, म्हणशील ना? नाही! खोलीत बसून सांगितलं तर ते खोलीतच माफी मागतील. मला हसायला गर्दी हवीय."

ती गर्दी आयतीच मिळणार होती. रविवारी सकाळी मोठ्या सभागृहात बाजाराचं उद्घाटन होतं. शिबिराची मुलं, पालक, कंपनीच्या मॅडम, सगळे येणार होते. फक्त घोडं एका ठिकाणी अडलं. पत्रिकेवर लिहिलं होतं, कार्यक्रम अकराला सुरू, बाराला समाप्त, मग जेवण.

"लबाड आहेत," वकील म्हणाला. "दुपारी बिघाड होतो, हे कळलंय त्यांना. त्याच्या आत आटपणार."

"मग आपण आटपू द्यायचं नाही," मुंगी म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिघं शिबिरातल्या मुलांच्या दारोदार हिंडली. वकिलानं प्रत्येक दारात भाषण केलं. भोंग्याला मात्र दारात बोलू दिलं नाही, कारण बेत गुप्त ठेवायचा होता.

रविवारी सभागृह गच्च भरलं. स्टेजवर भिंतीएवढा पडदा होता, समोर दोन कॉम्प्युटर. शिबिरातली मुलं आपापले फोन घेऊन पहिल्या दोन रांगांत बसली होती. तिसऱ्या रांगेत मावशी. खास ठेवणीतली साडी नेसून आलेली, हातात पर्स. पुरावा मिळाल्यावर तिनं शब्द पाळला होता.

पॉलिशसर बोलायला उभे राहिले. त्यांना ही कल्पना डोंगरावर फिरताना कशी सुचली, ते सांगू लागले. "एकटाच होतो. समोर सूर्य उगवत होता. आणि अचानक मनात आलं, दुकानं!" टाळ्या झाल्या. मुंगीनं खुर्चीचा हात इतका घट्ट धरला, की बोटं पांढरी पडली.

भाषण संपलं. मॅडम उठणार, तोच वकिलानं हात वर केला. "प्रश्न आहे!"

एक नाही, त्याचे अकरा प्रश्न होते. राक्षस मेला तर दुकान कुणाचं? फसवलं तर तक्रार कुठे? दोन डोक्यांच्या राक्षसाला एक गिऱ्हाईक धरायचं की दोन? पॉलिशसर घाम पुसत उत्तरं देत होते, आणि वकील प्रत्येक उत्तरावर म्हणत होता, "समाधान झालं नाही!" मागच्या रांगेतून एक गृहस्थ ओरडले, "अहो, जेवण आहे ना?"

"आहे, आहे! संपलंच आता," पॉलिशसर घाईघाईनं म्हणाले.

"सर!" मुंगी उठून उभी राहिली. आवाज ठणठणीत होता. "मला तुमच्याशी लढायचंय."

सभागृहात हशा पिकला. पॉलिशसरांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. "पुन्हा कधीतरी, बाळा."

"घाबरलात?" ही हाक भोंग्याची होती आणि ती रस्त्यापर्यंत गेली.

आता शंभर लोकांसमोर कोण नाही म्हणणार? पॉलिशसर हसत कॉम्प्युटरसमोर बसले. "दोन मिनिटांत संपवतो."

त्यांचा राक्षस पडद्यावर आला, तशी मुलांच्या तोंडून 'ओह!' निघालं. ज्वालानख! सहा हात, प्रत्येक हाताला पेटती नखं. समोर मुंगीचा गप्प्या. कवचातून नुसतं नाक बाहेर.

ज्वालानखानं पहिला फटका हाणला. गप्प्या आत! दुसरा फटका. गप्प्या आतच! कवचावर ठिणग्या उडाल्या, तडे गेले. मुंगीला जिंकायचं नव्हतंच. तिला फक्त हरायचं नव्हतं, आणि तेच जास्त अवघड होतं.

"जुडी!" ती ओरडली.

"घे!" वकिलाच्या दुकानातून जखमजुडी आली. तडे बुजले. "कवचाला लेप!" दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं लेप पाठवला. पहिल्या दोन रांगांतल्या मुलांची सगळी दुकानं तिच्यासाठी उघडी होती. पॉलिशसरांची बत्तिशी हळूहळू मिटली. ज्वालानखाची नखं विझत आली होती. नखं पेटवायला तेल हवं. ते तेलाच्या दुकानात गेले. पाटी आली, 'तुम्हाला विकत नाही.' ते शेजारच्या दुकानात गेले. 'तुम्हाला विकत नाही.' तिसऱ्यात, चौथ्यात, सगळीकडे तीच पाटी!

"हा काय चावटपणा आहे?" ते पुटपुटले.

"खेळाडूंनी चालवलेली दुकानं आहेत, सर," मुंगी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "कुणाला विकायचं ते खेळाडू ठरवतात."

पॉलिशसरांचं तोंड लालबुंद झालं. आता त्यांना वेळेचं भान राहिलं नाही. दात-ओठ खाऊन ते फटके मारत सुटले. गप्प्याचं कवच पुन्हा फुटलं, एक तुकडा गळून पडला, नाक आत गेलं. मुंगीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा जागचा हलतच नव्हता! आणखी दोन फटके बसले तर गप्प्या जाणार. ज्वालानखानं सहाही हात उचलले, आणि त्याचं शेवटचं पेटतं नखही विझलं.

"शेवटच्या दुकानात तेल आहे!" पॉलिशसर ओरडले. अगदी कोपऱ्यात एक दुकान होतं, जे कुणा मुलाचं नव्हतं, त्यांनी स्वतः नमुन्यादाखल टाकलेलं होतं. ज्वालानख तिकडे धावला, फळीकडे हात नेला.

धाड! शटर खाली!

धाड, धाड, धाड, धाड! सगळ्या बाजाराची शटरं कोसळली. भिंतीएवढ्या पडद्यावर ज्वालानख बंद दारासमोर सहा हात पसरून उभा. घड्याळात एक वाजला होता.

सभागृहात गलका झाला. मॅडम उठून पुढे आल्या. "काय झालं हे?"

"तांत्रिक बिघाड, मॅडम! किरकोळ आहे, पाच मिनिटांत ठीक करतो!"

"पाच मिनिटांत नाही होणार," मुंगीनं माईक ओढून घेतला. "चार वाजता उघडतील."

"तुला कसं माहीत?" मॅडमनी विचारलं.

"कारण चारला माझी मावशी उठते."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग भोंग्यानं तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. तिथे मावशी, पर्स छातीशी धरून, मान एका बाजूला टाकून, गाढ झोपली होती. रोजची वेळ झाली होती, तिचा काय दोष!

"आई!" भोंगा वाजला.

मावशी दचकून जागी झाली. डोळेसुद्धा न उघडता म्हणाली, "बंद आहे! चारनंतर या!"

सभागृह असं हसलं, की काचा थरथरल्या. मॅडमसुद्धा हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. मुंगीनं मग सगळं सांगितलं, खाकी कागदापासून भोंग्याच्या नियमापर्यंत. मॅडमनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रोग्रामरताईंना बोलावलं. "दुपारी बाजार बंद ठेवायचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सरांनीच, मॅडम. त्यांनी दिलेल्या नियमांत शेवटचा होता. मला विचित्र वाटला, म्हणून मी दोनदा विचारलं. सर वर न बघताच म्हणाले, दिलंय तसं कर."

"आणि रोज दुपारी हे कसला बिघाड दुरुस्त करत होते?"

"बिघाड? मला कुणी सांगितलंच नाही."

मॅडम पॉलिशसरांकडे वळल्या. "डोंगरावर सूर्य उगवताना तुम्हाला हे सुचलं ना? मग सांगा, दुकानं दुपारी बंद का?"

पॉलिशसर कॉम्प्युटरची बटणं उगाच दाबत राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आणि मग मुंगीनं ठरवलं नव्हतं असं काहीतरी झालं. दुसऱ्या रांगेतून एक मुलगा उभा राहिला, चष्मा सावरत. "मॅडम, मागच्या शिबिरातला उडता बेडूक माझा होता. सर म्हणाले होते, बालिश आहे." त्याच्या मागून एक मुलगी उठली. "धुक्याचं जंगल मी काढलं होतं!" "बर्फाची ढाल माझी!" मुलं उठत होती, एकामागून एक. पॉलिशसर खुर्चीत लहान लहान होत चालले होते.

ते हळूच मुंगीजवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "बरं बाई, कल्पना तुमची होती. झालं?"

"माईकवर," मुंगी म्हणाली.

"अगं, पण..."

"माईकवर!" तिनं माईक त्यांच्या तोंडासमोर धरला.

पॉलिशसर नेहमीसारखे बुटांकडे बघायला लागले, पण मुंगी माईक धरून तशीच उभी राहिली. शेवटी त्यांना तिच्याकडे बघावंच लागलं. "कल्पना... या तिघांची होती. बेडूकही माझा नव्हता. जंगलही नाही. मी चोरलं."

मुंगीला त्यांची दया आली का? नाही आली. तिला इतका आनंद झाला, की तो कुठे ठेवावा ते कळेना. त्या दिवसापासून तापलेले कान एकदम गार पडले.

पुढचं सगळं भराभर झालं. मॅडमनी तिथल्या तिथे पॉलिशसरांना मुख्य रचनाकाराच्या खुर्चीवरून खाली उतरवलं आणि शिबिरातल्या प्रत्येक मुलाची माफी मागायला लावली. ज्याची कल्पना त्याचं नाव खेळात लागेल, असं जाहीर केलं. तिघांना स्टेजवर घेऊन म्हणाल्या, "माझ्या कंपनीत इतकी मोठी माणसं आहेत. रोज बाजार बंद पडत होता, आणि एकानंही 'का' म्हणून विचारलं नाही! तुम्ही विचारलंत. आणि ज्या धीरानं लढलात, त्याला तोड नाही. शाबास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वकिलाचे वडील शेजारच्यांना सांगत होते, "तो वाद घालतो ना, तो माझा मुलगा!" मावशी तर स्टेजवर येऊन मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "मी हिला म्हणत होते, उगाच आळ घेऊ नकोस. चुकलं माझं! ही हट्टाला पेटली म्हणून सगळ्या पोरांचं त्यांना मिळालं." आणि डोळे पुसता पुसता तिनं एक जांभई दिली.

जेवणाच्या रांगेत मॅडम मुंगीच्या मागेच उभ्या होत्या. पलीकडे पॉलिशसर एकेका मुलासमोर उभे राहून खालच्या आवाजात काहीतरी बोलत होते. अजून बरीच मुलं बाकी होती.

"त्यांची चूक त्यांना कळलीय, असं दिसतंय," मॅडम हलकेच म्हणाल्या. "तुझ्याजवळ येतील आत्ता. माफ करशील ना?"

मुंगीनं ताट हातात घेतलं आणि मनापासून विचार केला.

"करीन," ती म्हणाली. "पण सुट्टी संपल्यावर."